बघ्याचा खाकरा

१

प्रफुल्ल कासारेची रविवारची सकाळ ठरलेली असे. पोहे खायचे, दुसरा चहा घ्यायचा, आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचं, संगणकापुढे बसायचं आणि ठाण्याच्या संघातर्फे कल्याण-डोंबिवलीच्या कुणाला तरी बुद्धिबळात धूळ चारायची. लीग ऑनलाइन असली म्हणून काय झालं? गडी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. त्याची बायको प्रीती हसायची. "तिकडे कोण बघतंय तुम्हाला?" म्हणायची.

त्या रविवारी ॲप उघडलंच नाही. पडद्यावर चार ओळी आल्या: खेळताना संगणकाची मदत घेतल्याचा संशय असल्याने आपलं खातं बंद करण्यात येत आहे.

प्रफुल्लने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग त्याचं डोकं सणकलं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात त्याची हयात माल तपासण्यात गेली होती. मापाचा गेज बसला तर पास, नाही बसला तर भंगार. मधलं काही नाही. मालकाच्या मेव्हण्याकडून आलेला मालही त्याने परत धाडला होता आणि वर "मोजून पाठवत जा" असं सुनावलं होतं. अशा माणसाला लबाड म्हणायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

त्याने ॲपवाल्यांना लिहिलं. ताबडतोब उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्याने पुन्हा लिहिलं, की गैरसोय नाही हो, बदनामी झालीय माझी. पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्याने मोठ्ठं पत्रच लिहिलं, आईबापाच्या संस्कारांपासून ते नोकरीतल्या सचोटीपर्यंत सगळं. दिलगीर आहोत. पालथ्या घड्यावर पाणी! भांडायला तिथे माणूसच नव्हता, आणि माणूस नसला की भांडणाऱ्याची फार पंचाईत होते.

संध्याकाळपर्यंत लीगच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली होती. ज्या ग्रुपवर लोक त्याला 'कप्तान' म्हणायचे, तिथे त्याच्या 'नमस्कार'ला कुणी उलट साधा नमस्कारही केला नाही.

२

लीगचे पंच हरिहर खरे डोंबिवलीला राहत. निवृत्त गणित शिक्षक. बोलणं मऊ, पण खडू मोडावा तसं तुटक. प्रफुल्ल दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेला. सरांनी त्याला गॅलरीत बसवलं, पाणी दिलं आणि टॅबवर त्याचे डाव उघडले.

"हे बघा प्रफुल्लराव, तुमच्या चाली संगणकाच्या नाहीत. संगणक खेळेल असं तुम्ही काही खेळत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण खेळ तुमचा मध्यमच आहे."

"मग?"

"तुम्ही चुकत नाही. पूर्वी चुकायचात, चांगले घसघशीत चुकायचात. बाळकुमला नव्या जागेत राहायला गेलात ना, साधारण तेव्हापासून एकही ढोबळ चूक नाही. माणूस चुकतो हो."

"म्हणजे नीट खेळलो हा गुन्हा झाला का सर?"

लीगच्या नियमाप्रमाणे खेळताना प्रत्येकाचा पडदा पंचांना दिसत असे आणि त्याचं चित्रण राहत असे. सरांनी त्यातलं एक लावलं. पडद्यावर प्रफुल्लने माउसने घोडा उचलला, क्षणभर अधांतरी धरला आणि जागच्या जागी परत ठेवला. मग उंट हलवला. दुसरा डाव. वजीर उचलला, ठेवला, प्यादं सरकवलं. तिसरा डावही तसाच.

"तुम्ही उचलून परत ठेवता ते मोहरं दर वेळी चुकीचं असतं. दर वेळी. ते खेळला असतात तर डाव गेला असता." सरांनी टॅब बाजूला ठेवला. "मला काय वाटतं सांगू? तुम्हाला चाल कोणी सांगत नाही. पण तुम्ही चुकायला लागलात की कोणीतरी तुम्हाला सावध करतं. एखादं यंत्र असेल, खूण असेल, मला माहीत नाही."

"सर, आईची शपथ घेऊन सांगतो..."

"शपथेने डाव तपासता येत नाहीत."

प्रफुल्लला राग अनावर झाला, आणि रागाच्या भरात माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतो तसं त्याने केलं. "घ्या परीक्षा माझी! समोर कॅमेरा लावा, मागे लावा, माइक चालू ठेवा. कर नाही त्याला डर कशाला?"

सर जणू याचीच वाट पाहत होते. येत्या रविवारी सकाळी, सरांनी उघडून दिलेल्या दुसऱ्या खात्यावर, खोलीत दुसरं कोणी नाही, समोर लीगमधलाच शहाडचा साईनाथ. खेळ नेहमीच्या दर्जाचा झाला तर सर स्वतः ग्रुपवर सगळ्यांदेखत त्याची जाहीर माफी मागतील. नाही झाला, तर लबाडी केली म्हणून प्रफुल्ल कासारेचं नाव तिथेच लागेल आणि लीगचं दार कायमचं बंद.

"मंजूर," प्रफुल्ल म्हणाला.

३

"सावध करतं म्हणे कोणीतरी!" घरी आल्यावर तो प्रीतीपुढे फणफणला. "म्हातारचळ लागलाय त्यांना."

प्रीती कणीक मळत होती. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. रविवारी नीट खेळा म्हणजे झालं. आणि त्या आधी घशाला काहीतरी घ्या. त्या कॅमेऱ्यापुढे खाकरत बसू नका."

"मी कुठे खाकरतो?"

"घ्या! खेळायला बसलात की सारखं चालू असतं. बाहेर सोफ्यावर ऐकू येतं मला."

"अगं, तो मी नाही. तो शेजारचा म्हातारा आहे. मलाही ऐकू येतं. भिंतीतून येतो आवाज."

"कोण म्हातारा?"

"असेल कुणी. पलीकडच्या फ्लॅटमध्ये."

प्रीतीचा हात थांबला. "अहो, शेजारी आपल्या स्वयंपाकघराच्या बाजूला. दोन पोरी राहतात तिथे, नोकरीवाल्या. त्या खोलीला कुठला आलाय शेजार?"

प्रफुल्ल उठून आतल्या खोलीत गेला. टेबल खिडकीच्या भिंतीला लावलेलं, समोर संगणक, मागे खुर्चीपासून दारापर्यंत मोकळी जागा आणि दाराशेजारी पुस्तकांचं एक फडताळ. उजवीकडची भिंत, जिच्यापलीकडे तो इतके महिने कुणा म्हाताऱ्याला बसवून मोकळा झाला होता, ती इमारतीची शेवटची भिंत होती. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. गुळगुळीत रंगवलेली भिंत सरळ खाली उतरत गेली होती. खाली गाड्यांची पत्र्याची छपरं दिसत होती, पलीकडे बाळकुमच्या जुन्या वस्तीतली कौलं. भिंतीला पाइप नव्हता, की सज्जा नव्हता.

वरून येत असेल आवाज, त्याने स्वतःला सांगितलं. या नव्या इमारतींत कुठला आवाज कुठून येईल त्याचा नेम नसतो. आठव्या मजल्यावरचा कुकर आपल्याच ओट्यावर शिट्टी देतो.

पण वरचा माणूस रविवारी सकाळीच, आणि प्रफुल्ल खेळायला बसल्यावरच का खाकरतो, हे काही त्याने स्वतःला सांगितलं नाही.

४

खाकरणं त्याला नवं वाटलं नव्हतं, हीच खरी गोम होती. त्याचा खेळच खाकरण्यात वाढला होता.

वागळे इस्टेटजवळच्या ज्या चाळीत तो लहानाचा मोठा झाला, तिथे सुट्टीच्या दिवशी कारखान्यातली माणसं ओट्यावर पट मांडून बसायची. खेळणारे दोन आणि बघे दहा. बघ्याने तोंड उघडायचं नाही हा कडक नियम होता. बोलला तर सगळ्यांना चहा पाजायचा. म्हणून बघ्यांनी पळवाट काढली होती. आपल्या माणसाचा हात चुकीच्या मोहऱ्याकडे गेला की मागे उभा असलेला बघ्या हळूच खाकरायचा. खाकरणं म्हणजे काही बोलणं नव्हे! ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे चालवून घेत. फक्त एक अट होती: खेळणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. कोण खाकरलं म्हणून वळलास, की मदत घेतल्याचं तू कबूल केलंस. डाव तिथेच गेला.

प्रफुल्ल कधीच वळला नव्हता. खाकरा आला की हात मागे घ्यायचा, दुसरी चाल बघायची, मान ताठ ठेवायची. श्वास घ्यावा इतकं ते अंगवळणी पडलं होतं. चाळ पाडली, माणसं पांगली, पण ती सवय त्याच्याबरोबर बाळकुमला आली होती.

शनिवारी दुपारी प्रीती बाजारात गेली तेव्हा त्याने दार लावून घेतलं. घर शांत होतं. खालून गाडी धुतल्याचा आवाज येत होता. त्याने संगणकाशीच खेळायचा सरावाचा डाव उघडला. तपासनीसाचं डोकं त्याचं. एकेक शक्यता बाद करत जायची. पहिली शक्यता अशी, की प्रीती म्हणते तेच खरं आहे. खाकरतो तो आपणच, आपल्याही नकळत. चूक होताना आपलाच घसा आपल्याला टोकतो. ही शक्यता त्याला मनापासून आवडली होती. तसं असेल तर लबाडी कसली? घसाही आपला आणि अक्कलही आपलीच.

त्याने तांब्यातून घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून तसंच धरलं. तोंडात पाणी असताना माणूस खाकरू शकत नाही.

डाव रंगात आला. त्याने मुद्दाम वजीर उचलला आणि अशा घरावर नेला, जिथे तो फुकट मेला असता.

खाकरा आला. कोरडा, हलका, दाबलेला. नाकातून थोडा, घशातून थोडा.

प्रफुल्लने पाणी तोंडात घट्ट धरलं. वजीर परत ठेवला. घोडा उचलला. चाल बरी होती, खोली गप्प. घोडा ठेवून पुन्हा वजीर. खाकरा. आणि आता लक्ष देऊन ऐकल्यावर त्याला कळलं, की आवाज भिंतीतून येत नव्हता. वरूनही नाही. तो मागून येत होता, खुर्चीच्या पाठीपासून हातभर अंतरावरून, उभ्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून.

पाणी त्याच्या तोंडातून सुटलं आणि शर्टावर सांडलं. मान वळवावी असं त्याच्या मनात आलं. मान वळली नाही. संगणक बंद करून तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून, आडवा आडवा चालत, डोळे जमिनीला लावून खोलीबाहेर आला. पन्नाशीचा बाप्या! नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही संताप आला. कारण सर म्हणत होते ते खरं निघालं होतं. त्याला सावध केलं जात होतं. आणि त्याने ते कधी मागितलं नव्हतं.

५

रविवारी सकाळी त्याने पोहे खाल्ले नाहीत. इस्त्रीचा शर्ट मात्र घातला. रात्रभर विचार करून त्याने एक ठरवलं होतं. आज जे खेळायचं ते आपल्या अकलेने. खाकरा आला तर ऐकायचाच नाही. जिंकलो तर स्वतःच्या डोक्यावर जिंकू.

सरांनी सांगितल्याप्रमाणे त्याने प्रीतीचा फोन मागच्या फडताळावर लावला. त्यात त्याची पाठ आणि समोरचा पडदा दिसायचा. संगणकाच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा आणि मागची खोली. सरांनी दोन्हीकडून पाहून मान डोलावली. साईनाथ शहाडच्या आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातूनच बसला होता. मागे फोनची कव्हरं टांगलेली. "काका, टेन्शन नका घेऊ हां. मी तर बोललेलो सरांना, कासारे काका असला माणूसच नाय."

त्या एका वाक्याने प्रफुल्लला भरून आलं.

डाव सुरू झाला. प्रफुल्ल बरा खेळत होता. प्रत्येक चालीआधी त्याचे खांदे आपोआप आवळायचे, कान मागे लागायचे. पण खोली शांत होती. बाहेर प्रीतीने मिक्सर फिरवला. एकदा खाली कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारली. चूक होत नसेल तर खाकरा कशाला येईल? त्याला थोडा धीर आला. मग त्याने पाहिलं, की साईनाथचं एक प्यादं मोकळं पडलंय. त्याने हत्ती उचलला.

खाकरा आला.

हत्ती अधांतरी राहिला. आणि नेहमीसारखंच, खाकरा आल्यावर त्याला चूक दिसली. हत्ती निघाला की मागची ओळ उघडी पडते, साईनाथचा वजीर आत घुसतो आणि मात. लख्ख दिसत होतं. हत्ती परत ठेवला आणि प्यादं पुढे केलं की डाव बरोबरीत होता, कदाचित थोडा त्याच्याच बाजूचा. नाव वाचणार होतं. ग्रुपवर सर माफी मागणार होते.

पण हे आपल्याला आपलं आपण दिसलं, की दाखवलं म्हणून दिसलं? खाकरा आलाच नसता तर? त्याने जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. त्याला सांगता येईना. गेज हातात होता आणि माल पास की भंगार ते ठरत नव्हतं. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ऐकलं तर लबाड, आणि न ऐकलं तरी जगासाठी लबाडच.

मागून पुन्हा खाकरा आला, या वेळी जरा अधीर.

"नाही," प्रफुल्ल पुटपुटला आणि हत्तीने प्यादं मारलं.

साईनाथने क्षणभर पडद्याकडे पाहिलं. "अरे काका... हे काय केलं?" मग, वाईट वाटत असल्यासारखा, त्याने वजीर आत नेला.

६

पडद्यावर मात झळकली. मग सरांनी घसा साफ केला, आणि त्या साध्या आवाजानेही प्रफुल्ल दचकला.

"प्रफुल्लराव, मला खेद होतो. पहिल्यांदा कॅमेरे लागले, माइकवर तुमच्या खाकरण्याखेरीज काही आलं नाही, आणि पहिल्यांदाच ढोबळ चूक झाली. याचा अर्थ मी काय लावावा?"

"सर, एक मिनिट," साईनाथ मध्येच म्हणाला. "काका, खोलीत कोणी नको असं ठरलेलं ना? मग ते मागचे काका कोण? मला वाटलं तुमचे वडील असतील, म्हणून मी बोललो नाय."

"मागे कोणी नाही," प्रफुल्ल म्हणाला. त्याचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"आहेत ना. वाकून बघतायत. तोंड नाय दिसत, वर कटलंय."

सरांचा आवाज बदलला. "मागच्या कॅमेऱ्यात तर मला तुमची खुर्चीच दिसत नाहीये. मघापासून काहीतरी आडवं आलंय. पांढरं कापड. तिथे पडदा आहे का?"

त्या खोलीत कापडी पडदा कुठेच नव्हता. प्रफुल्लची नजर संगणकावरच्या, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर गेली, जिच्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत असे. चेहरा होता. इस्त्रीचा शर्ट होता. आणि खांद्याच्या वर, खुर्चीच्या पाठीवर, एक हात टेकलेला होता. डाव नीट दिसावा म्हणून बघे रेलून उभे राहतात तसा. बोटं खुर्चीवर निवांत पसरलेली. बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाचा हात.

"हे बघा," सर म्हणाले, "मला माणसावर अन्याय करायचा नाही. तुम्ही फक्त मागे वळा, काय आहे ते बघा आणि फोन नीट करा. खोली रिकामी आहे एवढं मला दिसू द्या. मी हा डाव धरणार नाही. आपण पुन्हा खेळू. फक्त वळून बघा."

एवढंच तर करायचं होतं. सगळा आठवडा ज्याच्यासाठी तडफडला, ते नाव मान वळवण्याइतक्या अंतरावर होतं. डाव तर गेलाच होता. आता वळलं म्हणून आणखी काय जाणार? प्रफुल्लने टेबलाची कड धरली आणि मान वळवायला सुरुवात केली.

खाकरा आला. अगदी कानापाशी.

तो थांबला. हा आवाज आजवर एकदाही चुकला नव्हता.

"प्रफुल्लराव?"

त्याने मान पुन्हा सरळ केली. कपाळावरून घाम चष्म्यावर उतरला, तो त्याने पुसला नाही. "सर," तो म्हणाला, "कोणी नाही इथे. मी... मी मदत घेत होतो. यंत्राची. लिहा तसं."

"काका, काय बोलताय तुम्ही?" साईनाथ ओरडला.

"लिहा सर. टाका ग्रुपवर. मी लबाडी केली."

असं म्हणून तो कान देऊन थांबला. खाकरा आला नाही. म्हणजे चाल बरोबर होती.

दुःखी चेहऱ्याने सरांनी कॉल बंद केला. छोटी चौकट गेली. पडद्यावर हरलेला डाव तेवढा उरला. प्रफुल्लला रडू येत होतं, पण त्याने हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला. ग्रुपवर त्याचं नाव आलं होतं.

"अहो, झालं का?" बाहेरून प्रीतीने हाक मारली. "जेवायला या. वाढलंय."

"आलो," तो म्हणाला. दार मागे होतं. त्याने नजर खाली घातली, काल गेलो तसंच भिंतीच्या कडेकडेने जाऊ म्हणून खुर्ची बोटभर मागे सरकवली.

मागून खाकरा आला.

प्रफुल्लने खुर्ची पुन्हा पुढे घेतली.